बाटली, कॅन आणि परतीची वाट : घाटकोपरच्या कचऱ्याचा एक हिशेब

मुंबई हे बेट आहे, ही गोष्ट मुंबईत राहणाऱ्याच्या सहसा ध्यानात राहत नाही. पूल आणि लोहमार्ग यांनी हे शहर मुख्य भूमीशी इतके घट्ट बांधले गेले आहे की, पाण्याने वेढलेली भूमी म्हणून त्याकडे पाहण्याची सवयच उरलेली नाही. घाटकोपर हे उपनगर ज्या भूभागावर वसले आहे त्याचे जुने नाव साष्टी बेट. त्याच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे, पश्चिमेस टेकड्या आहेत आणि या दोहोंमधल्या पट्ट्यात दाट लोकवस्ती, बाजारपेठा, कारखाने व लोहमार्ग सामावलेले आहेत.

बेटावरील जीवनाचा एक साधा नियम असतो. जी वस्तू बेटावर येते ती एकतर वापरून संपते, परत बाहेर जाते किंवा बेटावरच साठत राहते. धान्य संपते आणि त्याचे पोते पुन्हा उपयोगात येते. परंतु पेयाचे पात्र पेयाबरोबर संपत नाही. ते रिकामे होते आणि उरते. म्हणूनच जगातील अनेक बेटांवर आणि पर्यटनस्थळी एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो : बियरसारखी पेये जड काचेच्या बाटल्यांऐवजी हलक्या ॲल्युमिनियमच्या कॅनमधून आणली, तर कचऱ्याचा भार कमी होईल काय? मद्यपान इष्ट की अनिष्ट, हा या लेखाचा विषय नाही. कायदेशीर परवान्याने जे पेय विकले जाते त्याच्या रिकाम्या पात्राचे काय होते आणि काय व्हावे, एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित आहे.

कचऱ्याची जागा संपते तेव्हा

मुंबईच्या कचऱ्याचा इतिहास घाटकोपरच्या शेजारातूनच गेलेला आहे. १८९६ च्या प्लेगनंतर शहराची घाण शहरापासून दूर नेण्याची निकड भासू लागली. १९०६ मध्ये कुर्ल्यापासून चेंबूरपर्यंत जो लोहमार्ग टाकण्यात आला, तो प्रामुख्याने कचरा वाहून नेण्यासाठी होता. या मार्गावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या त्या १९२४ मध्ये. आज हार्बर मार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला आपल्या मार्गाचा हा पूर्वेतिहास क्वचितच ठाऊक असतो. पुढे १९२७ पासून देवनार येथे कचरा टाकला जाऊ लागला आणि शंभर हेक्टरांहून मोठ्या क्षेत्रावर कचऱ्याचे डोंगर उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर पसरला होता.

देवनारखेरीज इतर ठिकाणेही भरत गेली. गोराई येथील क्षेपणभूमी २००७ मध्ये आणि मुलुंड येथील २०१८ मध्ये बंद झाली. कांजूरमार्ग येथे शास्त्रीय पद्धतीने प्रक्रिया करण्याची व्यवस्था उभारण्यात आली, पण तीही खाडीच्याच काठाला आहे. या खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. एका हाताने जपावयाची आणि दुसऱ्या हाताने भरावयाची, अशी ही खाडी आहे. बेटावर नवी जागा निर्माण होत नाही. तेव्हा क्षेपणभूमीवर जाणारी प्रत्येक वस्तू खरोखरच तेथे जाणे आवश्यक होते काय, हे तपासणे क्रमप्राप्त ठरते.

काचेचे गुण आणि दोष

काच ही वाळू, सोडा आणि चुनखडी यांच्या मिश्रणातून तयार होते. हे मिश्रण सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत वितळवावे लागते. महाराष्ट्राला हा उद्योग परका नाही. सामान्य जनतेने दिलेल्या एकेका पैशातून उभा राहिलेला तळेगाव दाभाडे येथील पैसा फंडाचा काच कारखाना स्वदेशी चळवळीचे अपत्य होता, तर कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कंदिलांनी एके काळी खेडोपाडी उजेड नेला. घाटकोपरच्या शेजारी विक्रोळीलाही औषधांच्या बाटल्या करणारा कारखाना विसाव्या शतकात उभा राहिला.

पेयाच्या दृष्टीने काच हे उत्तम पात्र आहे. ते पेयाच्या चवीत काही मिसळत नाही आणि कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणाने वारंवार धुता येते. बियरच्या बाटलीचा तपकिरी रंगही निव्वळ शोभेसाठी नसतो. उजेडामुळे बियरमधील हॉप्स या वनस्पतीचे घटक बिघडतात आणि पेयाला दुर्गंधी येते. तपकिरी काच हा उजेड बऱ्याच अंशी अडवते.

हीच काच फुटली म्हणजे तिचे सारे गुण दोषांत बदलतात. जमिनीत गाडलेली काच कुजत नाही, गंजत नाही आणि जळतही नाही. कचरा दाबून भरणाऱ्या गाडीत बाटली फुटली की तिचे तुकडे ओल्या कचऱ्यात मिसळतात आणि त्यापासून होणारे खत शेतात घालण्यायोग्य राहत नाही. घाटकोपरच्या टेकड्यांच्या उतारावर अशा अनेक वस्त्या आहेत की जेथील गल्ल्यांत गाडी शिरू शकत नाही. तेथील कचरा माणसाच्या हातांनी आणि खांद्यावरून खाली येतो. पिशवीतील फुटक्या काचेचा पहिला वार त्या हातांवर होतो. कचऱ्याच्या हिशेबात ही जखम कोठेच नोंदली जात नाही, परंतु तो खर्चच आहे आणि तो सर्वांत कमी मिळकतीच्या माणसाकडून वसूल केला जातो.

कॅनची वाटचाल

बियर कॅनमधून विकण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. २४ जानेवारी १९३५ रोजी व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरात क्रूगर या कंपनीने पोलादी पत्र्याच्या कॅनमधील बियर प्रथम विक्रीस आणली. हे कॅन जड होते आणि ते फोडण्यासाठी वेगळे हत्यार लागे. १९५९ मध्ये कूर्स या कंपनीने ॲल्युमिनियमचा कॅन बाजारात आणला. त्या वेळी कंपनीने रिकामा कॅन परत करणाऱ्यास एक सेंट देऊ केला होता, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. म्हणजे ॲल्युमिनियमचा कॅन जन्मला तोच परतीची वाट बरोबर घेऊन. ही वाट पुढे अनेक ठिकाणी विसरली गेली.

ॲल्युमिनियम हा महाग धातू आहे. सुमारे चार किलो बॉक्साइटपासून दोन किलो अल्युमिना आणि त्यापासून एक किलो ॲल्युमिनियम मिळते. या शेवटच्या टप्प्यात एका किलोमागे जवळजवळ १४ युनिट वीज खर्ची पडते. याउलट, जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरण्यास नव्याच्या मानाने अवघी पाच टक्के ऊर्जा पुरते. यामुळेच भंगाराच्या दुकानात कॅनला काचेच्या कितीतरी पट दर मिळतो. कुर्ला, साकीनाका आणि धारावी येथील भंगाराचा व्यवसाय हे गणित कोणत्याही पुस्तकाविना जाणतो. मात्र वापरलेला कॅन पुन्हा कॅन होतोच असे नाही. आपल्याकडे तो बहुतेक वेळा वितळून ओतीव वस्तूंसाठी जातो. त्याची किंमत टिकते, परंतु नव्या कॅनसाठी नवा धातू लागतच राहतो.

एका क्रेटचे गणित

आता एका क्रेटचा हिशेब मांडून पाहू. एका क्रेटमध्ये ६५० मिलिलिटरच्या १२ बाटल्या असतात. त्यांतील पेय ७.८ लिटर भरते. रिकाम्या बाटलीचे वजन सुमारे अर्धा किलो धरले, तर १२ बाटल्यांची काच ६ किलो होते. म्हणजे पेय आणि पात्र मिळून जे वजन वाहिले जाते त्यात काचेचा वाटा सुमारे ४३ टक्के आहे. तेवढेच पेय ५०० मिलिलिटरच्या कॅनमध्ये भरले, तर १६ कॅन लागतात. प्रत्येक कॅनचे वजन सुमारे १६ ग्रॅम धरता एकूण धातू २५० ग्रॅम होतो. वाहतुकीतील पात्राचा वाटा ४३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर येतो आणि कचऱ्याचे संभाव्य वजन चोविसाव्या हिश्श्यावर उतरते.

एवढ्यावरून कॅनच्या बाजूने निकाल देण्याचा मोह होईल, परंतु हिशेब येथे संपत नाही. समजा, तीच बाटली धुऊन दहा वेळा भरली गेली. मग प्रत्येक फेरीच्या वाट्याला ६ किलो नव्हे, तर ६०० ग्रॅम काच येते. दुसऱ्या बाजूस ते २५० ग्रॅम ॲल्युमिनियम नवे असेल, तर केवळ त्या धातूसाठी साडेतीन युनिट वीज खर्च झालेली असते. कॅन कचऱ्यात गेला तर ही सारी वीज पुरली गेली असे समजावे. कॅन परत वितळला गेला तरच त्या खर्चाचा मोठा भाग वाचतो.

यावरून चार अवस्था स्पष्ट होतात. परत भरली जाणारी बाटली ही सर्वांत उत्तम, विशेषतः कारखाना जवळ असेल तेव्हा. परत वितळला जाणारा कॅन त्याखालोखाल. कचऱ्यात गेलेला कॅन वजनाने हलका, पण ऊर्जेच्या दृष्टीने मोठे नुकसान. आणि एकदाच वापरून फुटलेली बाटली ही बेटाच्या दृष्टीने सर्वांत वाईट. काच की ॲल्युमिनियम हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. पात्र परत जाते की नाही, हा खरा प्रश्न होय.

अंतराचाही यात मोठा भाग आहे. घाटकोपरला येणारी काही बियर तळोज्यासारख्या जवळच्या औद्योगिक वसाहतीतून येऊ शकते, तर काही छत्रपती संभाजीनगर परिसरातील कारखान्यांतून, म्हणजे तीनशेहून अधिक किलोमीटरांवरून. भरलेला माल पोहोचवून ट्रक रिकामा परतणारच असेल, तर त्यातून रिकाम्या बाटल्या नेण्याचा वाढीव खर्च थोडा असतो. पण बाटली दुसऱ्या राज्यातून किंवा परदेशातून आलेली असेल, तर ती परत पाठविणे परवडत नाही. तेथे कॅनच सयुक्तिक ठरतो.

दुधाच्या बाटलीने शिकविलेला धडा

मुंबईकरांना पात्र परत करण्याची सवय नव्याने लावावयाची नाही. ती त्यांना एके काळी होतीच. १९४९ मध्ये गोरेगाव येथे आरे दुग्धवसाहत उभी राहिली. शहराच्या दूधपुरवठ्याची ही व्यवस्था घडविणारे दारा खुरोडी यांना १९६३ मध्ये व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पहाटे दूधकेंद्रापुढे कार्ड आणि रिकामी बाटली घेऊन रांगेत उभे राहणे हा अनेक दशके उपनगरांतील घराघरांचा नित्यक्रम होता. ती बाटली घरोघर जपली जाई, धुऊन ठेवली जाई. कारण रिकामी बाटली दिल्यावाचून भरलेली मिळत नसे. परतीची वाट व्यवस्थेतच बांधलेली होती.

पुढे बाटलीची जागा प्लॅस्टिकच्या पिशवीने घेतली. पिशवी हलकी होती, फुटत नव्हती, धुण्याचा खर्च वाचत होता आणि वाहतूक स्वस्त होत होती. आज कॅनच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात ते जवळजवळ सारे तेव्हा पिशवीच्या बाजूने होते आणि ते खोटेही नव्हते. परंतु बाटलीबरोबर परतीची वाटही गेली. रिकामी पिशवी नाल्यात, गटारात आणि खाडीत पोहोचली. अखेर मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने प्लॅस्टिकविषयी जी अधिसूचना काढली, तीत दुधाच्या पिशवीवर तिची परत-खरेदीची किंमत छापण्याची आणि ती ५० पैशांहून कमी नसावी अशी तरतूद करावी लागली. जी वाट पूर्वी विनासायास चालू होती ती कायद्याने पुन्हा काढण्याची वेळ आली. पात्र बदलताना परतीचा विचार आधी केला नाही, तर तो नंतर अधिक खर्चाने करावा लागतो, हा या इतिहासाचा अर्थ आहे.

इतर बेटांचा व प्रदेशांचा अनुभव

कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटाने याच प्रश्नाचे उलट उत्तर दिले होते. तेथे १९८४ पासून शीतपेये केवळ पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांतून विकण्याचे बंधन होते. कॅनला त्या बेटावर जवळपास पाव शतक मज्जाव होता. २००८ मध्ये हे बंधन उठविण्यात आले, परंतु ते उठविताना पेयपात्रांवर अनामत घेण्याची पद्धत लागू झाली. डेन्मार्कनेही १९८० च्या दशकात बियर व शीतपेयांच्या कॅनला दारे बंद केली आणि २००२ मध्ये ती उघडली, तीही अनामतीच्या अटीवर. जर्मनीने २००३ पासून एकदाच वापरावयाच्या पेयपात्रांवर सक्तीची अनामत बसविली. पात्राविषयीचे निर्णय बदलले, परतीची अट मात्र कोणी सोडली नाही.

आपल्या देशातही याची उदाहरणे आहेत. निलगिरीच्या डोंगरात फुटक्या बाटल्यांनी वन्य प्राण्यांना इजा होऊ लागली, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाच्या पुढाकाराने २०२२ मध्ये तेथील सरकारी मद्यविक्री केंद्रांतून प्रत्येक बाटलीवर १० रुपये अधिक घेऊन बाटली परत करताच ते परत देण्याची योजना सुरू झाली. बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्या. समुद्रकिनाऱ्यांवरील काचेने त्रस्त झालेल्या गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत-परतावा योजना अधिसूचित केली. महाराष्ट्रात मद्यविक्री खाजगी परवानाधारकांमार्फत होते. त्यामुळे एका दुकानातून घेतलेली बाटली दुसऱ्या दुकानात स्वीकारली जाईल आणि त्या पैशांचा जमाखर्च जुळेल, अशी सामाईक व्यवस्था येथे लागेल. मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली प्रत्येक विक्रेत्याची नोंद आधीच होत असल्याने, अशा व्यवस्थेचा पाया घालण्याचे काम इतर वस्तूंच्या मानाने सोपे आहे.

घाटकोपरपुरता विचार

लोकसहभागाने कचरा हाताळण्याच्या कामात घाटकोपरचे नाव मुंबईच्या इतिहासात आधीच नोंदले गेले आहे. महानगरपालिकेच्या प्रगत परिसर व्यवस्थापनाची, म्हणजे रहिवाशांनी आपल्या गल्लीची जबाबदारी स्वतः उचलण्याच्या उपक्रमाची, सुरुवात १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये झाली. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याचा तो प्रयोग पुढे शहरभर पसरला. १९९८ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक भगिनींसाठी परिसर विकास हा कार्यक्रम हाती घेतला आणि वेचलेल्या सुक्या कचऱ्याकडे कष्टाचा व कौशल्याचा व्यवसाय म्हणून पाहण्याची दृष्टी रुजविली.

या पार्श्वभूमीवर वर मांडलेल्या हिशेबाचा उपयोग घाटकोपरमध्ये स्थळपरत्वे करावा लागेल. उपाहारगृहे व परमिट रूम येथे पेय जागीच प्यायले जाते आणि रिकामी बाटली तेथेच राहते. क्रेट ठेवण्यास जागा असते, पुरवठ्याची गाडी नियमित येते. अशा ठिकाणी बाटली काढून कॅन आणणे म्हणजे उत्तम अवस्था सोडून दुसरी पत्करणे होय. तेथे बाटल्या न फुटता, रंगानुसार व आकारानुसार वेगळ्या करून परत जातील एवढे पाहिले म्हणजे पुरे.

दुकानातून विकत घेऊन अन्यत्र नेलेल्या पात्राची गोष्ट निराळी आहे. टेकडीवर, खाडीकाठी, सहलीच्या जागी किंवा लोहमार्गाच्या कडेला टाकलेली बाटली क्वचितच अखंड परत येते. अखंड बाटलीला नगावर दर मिळतो, फुटलेल्या काचेला जवळजवळ काहीच नाही. याउलट, चेपलेल्या कॅनचा दर चेपल्याने कमी होत नाही. साठ-बासष्ट कॅन वेचले की एक किलो धातू होतो आणि वेचणाऱ्याच्या हातांना काच लागत नाही. येथे कॅन निश्चितच श्रेयस्कर आहे आणि त्यावर लहानशी अनामत असेल तर तो रस्त्यावर फार काळ पडून राहणार नाही.

तिसरी गोष्ट घरांची. ज्या गृहनिर्माण संस्थांत सुका कचरा वेगळा ठेवला जातो, तेथे काचेसाठी स्वतंत्र टोपली असावी. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर ठळक खूण करून द्यावी. हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि त्याचा लाभ त्याच दिवशी कोणाच्या तरी बोटांना मिळतो. कायद्याची दिशाही याला अनुकूल आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण बंधनकारक केले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने काच, धातू व कागद यांच्या वेष्टनांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणाऱ्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला.

बाटलीवाला हे आडनाव मुंबईत आजही ऐकू येते. रिकाम्या बाटल्यांचा व्यापार ही या शहरातील एके काळची प्रतिष्ठित उपजीविका होती, याची ते साक्ष देते. रिकामी बाटली म्हणजे कचरा, ही समजूत त्या मानाने अलीकडची. घाटकोपरच्या दुकानात उद्या काचेची बाटली असो वा ॲल्युमिनियमचा कॅन, विक्रेत्याने, ग्राहकाने आणि उत्पादकाने एकच प्रश्न आधी विचारावयास हवा : हे पात्र रिकामे झाल्यावर कोणत्या वाटेने परत जाणार? ज्या पात्राला हे उत्तर आहे ते बेटावर येण्यास योग्य. ज्याला ते नाही, त्याचा मुक्काम अखेर खाडीच्या काठावरच पडणार आहे.